पिवळ्या अक्षरांखालची फळी

मित्रांनो, घानाच्या किनाऱ्यावर, नारळाच्या सावलीत वाळूवर विसावलेली मी एक जुनी होडी आहे. ऊन तापलं की मला डुलकी लागते आणि स्वप्नात मी पुन्हा झाड होते. रानात धुकं असतं, फांद्यांवर धनेश पक्षी बसलेले असतात, आणि समुद्र म्हणजे काय ते मला ठाऊकच नसतं.

त्याच झाडाचं खोड पोखरून मला घडवलं. कडेला फळ्या ठोकून माझी उंची वाढवली. एबो नावाचा कोळी माझा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या झाला. आमच्याकडे मंगळवारी कुणी समुद्रात जात नाही, तो समुद्राच्या विश्रांतीचा वार. त्या दिवशी एबो माझ्या सांध्यासांध्यावरून तळवा फिरवी, फट दिसली की कापूस आणि डांबर भरी. "कुठं दुखतंय गं बाई?" असं विचारी. फार बरं वाटायचं मला.

मग मासळी आटली. एबो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. खलाशी दुसऱ्या होड्यांवर गेले आणि मी उन्हात तडकत राहिले.

एकदा बाजाराजवळ सभेसाठी मोठा मांडव उभा राहिला. तिथला वक्ता म्हणे, तोंडातून निघेल तेच घडतं. एबो ऐकून आला तो वेगळाच माणूस होऊन. मी त्याला हसणार नाही, मित्रांनो. त्याने फाटकी जाळी विणली, रुसलेल्या खलाशांना हाका मारून आणलं. मासळी मिळणार असं ज्याला वाटतं तो पहाटे उठतो, आणि पहाटे उठणाऱ्याला थोडीफार मिळतेच. माझ्या अंगावर पिवळ्या अक्षरांत त्याने लिहून घेतलं, 'आमचं चांगलंच होणार'. मी तर नवरीसारखी मिरवले.

पण हळूहळू मंगळवारचा तळवा येईनासा झाला. "दोष शोधला की दोष येतो," एबो म्हणे. होडीत 'गळती' हा शब्दच बंद झाला. त्याची बायको अराबा चुलीच्या धुरावर मासळी सुकवायची. ती म्हणाली, "बरं झालं. मग मीही चुलीकडे बघत नाही. करपणार नाही म्हणते आणि खुशाल झोपते." सगळे हसले. एबो तेवढा हसला नाही.

पिवळ्या अक्षरांखालची फळी चिरली होती. त्याने तिच्यावर रंग चढवून घेतला. अराबाचा धाकटा भाऊ फिफी माझ्यातलं पाणी उपसायचा, त्याला सगळं कळत होतं.

"दाजी, पाणी येतंय."

"शुभ बोल, फिफी."

तेव्हापासून फिफी म्हणू लागला, "दाजी, समुद्र भेटायला आलाय." त्यावर सगळे खो-खो हसत. मला मात्र तेव्हा वाचा नसल्याचं फार दुःख व्हायचं.

एके दिवशी जाळं गच्च भरलं. ते ओढताना मी कलले आणि फळी उभी फाटली. बाकीचे पाठ करून जाळं ओढत होते, आणि मागे तळाशी उभ्या फिफीच्या गुडघ्यापर्यंत पाणी आलं. "दाजी, समुद्र भेटायला आलाय," तो ओरडला. सवयीने सगळे हसले. तो पुन्हा ओरडला, ते पुन्हा हसले.

"दाजी, कंबरेपर्यंत आलंय," फिफी रडत म्हणाला. "मला ताईकडे जायचंय."

एबो वळला. त्याचा चेहरा उतरला. "होडी फुटली आहे," तो हळूच म्हणाला. आणि काय सांगू, ते ऐकताच प्रत्येक हाताला काम सापडलं. मासळीसकट जाळं कापून सोडलं. अंगातले सदरे फटीत कोंबले. टोपल्या, वाडगी, जे मिळेल त्याने पाणी उपसलं. हात गळून गेले तेव्हा एबोच गाऊ लागला, "पोहोचणार, आपण पोहोचणार." त्या गाण्याच्या ठेक्यावर ते उपसत राहिले आणि खरंच किनाऱ्याला लागले.

अराबाने भावाला पोटाशी धरलं. मग नवऱ्याला म्हणाली, "चांगलं बोलावं रे. पण आधी बघावं."

पुढच्या मंगळवारी तो तळवा परत आला. माझ्या अंगावर कपाळ टेकून एबो खूप रडला. नवी फळी त्याने बसवली, पण तिला शेवटपर्यंत रंग दिला नाही.

आता मुलं येतात, माझी फिकट पिवळी अक्षरं वाचतात आणि ती उघडी फळी चाचपतात. मित्रांनो, तुम्हीही चांगली स्वप्नं बघा, तोंड भरून चांगलं बोला. मात्र तुमच्या होडीत कुणी "पाणी येतंय" म्हणालं, तर त्याला गप्प करू नका.