बर्फाखालची जात

येर्केबाय अगायांनी, म्हणजे येर्केबाय सरांनी, उभ्या आयुष्यात एकच नवी जात शोधली होती. बल्खाश सरोवरातल्या मारिन्का माशाच्या कल्ल्यांना चिकटून जगणारा, खसखशीहून बारीक किडा. कल्ल्याला धरून राहण्याचे त्याचे आकडे नेहमीच्या किड्यापेक्षा लांब, एवढाच फरक. जातीला त्यांनी आपल्या दिवंगत गुरूंचं नाव दिलं होतं.

आता त्यांची विद्यार्थिनी मार्झान लेख घेऊन आली होती. ही जात मुळात नाहीच, असं त्यात होतं. खाली दोघांच्या सह्या हव्या होत्या.

"अगाय, लांब आकडेवाले कधी मिळाले?"

"जानेवारीत. बर्फाला भोक पाडून मासे काढायचो."

"आणि आखूड?"

"जुलैत, जाळ्यात."

"अन् एप्रिलमध्ये?"

"एप्रिलमध्ये बर्फ घोड्याला पेलत नाही आणि होडीला वाट देत नाही. तेव्हा कोण मरायला जाणार?"

"तिथंच फसलात! मधल्या लांबीचे तेव्हाच दिसले असते. एकाच किड्याची अंडी मी दोन टाक्यांत वाढवली. गार पाण्यात लांब आकडे, कोमट पाण्यात आखूड. घोडा हिवाळ्यात केसाळ होतो, म्हणून काय त्याला दुसरं जनावर म्हणाल?"

"घोड्याचे केस झडतात गं. आकडा बनला की बदलत नाही."

पण ते स्वतःच्याच बोलण्याला बिचकले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी तिच्या किडे ठेवलेल्या काचा एकेक करून पाहिल्या. कोमट टाकीतल्या साठ किड्यांपैकी तिघांचे आकडे लांबच होते.

"हे गं?"

मार्झान घुटमळली. "तीन पिढ्या कोमट पाण्यात आहेत, तरी तसेच. कळत नाही. लेखातून वगळलेत."

म्हणजे गारठा कुणाच्या रक्तात मुरू लागला होता की काय? नवी जात अशीच निपजत असेल? की गुरूंचं नाव राहावं म्हणून आपल्याला तसं दिसतंय? अगायांना काही सुधरेना. चष्मा पुसून पाहिलं, तरी तिघं तसेच.

शेवटी त्यांनी पेन उचललं. "नाव काढून टाक. सही करतो. पण हे तिघं लेखात घाल."

"वाचणारे गोंधळतील, अगाय."

"गोंधळू देत. मी काय एकट्यानंच गोंधळायचं?"

त्यांनी सही केली. मार्झान गेल्यावर त्यांनी त्या तीन काचांसाठी कोऱ्या चिठ्ठ्या कापल्या. पहिलीवर तारीख घातली, सरोवर लिहिलं, मासा लिहिला. जातीच्या ओळीपाशी पेन थांबलं. बराच वेळ ते कधी काचेकडे, कधी चिठ्ठीकडे बघत राहिले, आणि शेवटी ती ओळ तशीच सोडून त्यांनी दुसरी चिठ्ठी पुढे ओढली.