वेल्डनचा डावा हात

शनिवारी सकाळी नोरीन टॅकेटने तव्यावर सॉसेज टाकले आणि हात पुसत नवऱ्याच्या शर्टाचे वरचे बटण लावले. वेल्डनचा डावा हात छातीच्या वर जात नसे, आणि एकट्या उजव्या हाताने कडक काजात बटण जात नसे.

"इतका इस्त्रीचा शर्ट कशाला?" तो कुरकुरला.

"कोच नाश्त्याला येणार आहेत. त्यांच्यासमोर गबाळ्यासारखा बसणार आहेस का?"

कॅन्ससच्या पश्चिम टोकाला असलेल्या डनफील्डमध्ये गहू, वारा आणि बेसबॉल एवढेच काय ते होते. मोठ्या विद्यापीठांनी ज्यांना लगेच घेतले नाही अशी मुले इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात येत आणि कोणाची तरी नजर पडेल या आशेवर खेळत. वेल्डन डुकरे पाळणाऱ्या एका शेतकऱ्याचा मुलगा. पण त्याने चेंडू टाकायला सुरुवात केली आणि आसपासच्या गावांतून माणसे गाड्या भरून येऊ लागली. फलंदाजाची बॅट फिरेपर्यंत चेंडू मागे बसलेल्या झेलणाऱ्याच्या हातमोज्यात पोचलेला असे. शेजारच्या राज्यातल्या एका विद्यापीठाने त्याला जागा देण्याचे कबूलही केले होते.

मग विभागीय स्पर्धा आली. वेल्डन लागोपाठ सामने खेळला. डावे कोपर सुजून टम्म झाले. कोच बर्ल स्टेगॉलनी त्याला सामान ठेवायच्या खोलीत नेले, ओळखीच्या डॉक्टरने वेदना बधिर करणारी सुई टोचली, आणि वेल्डन पुन्हा मैदानात उतरला. डनफील्ड जिंकले. गावाने त्याला खांद्यावर घेऊन मिरवले. उन्हाळा सरता सरता त्याला त्या हाताने पाण्याचा ग्लासही उचलवेना. विद्यापीठाने दुसरा मुलगा घेतला. कोच एकदा फळांची टोपली घेऊन भेटायला आले, आणि पुढच्या हंगामाच्या तयारीला लागले.

त्यानंतर धान्याच्या कोठारावरची नोकरी, हाताचा ठणका आणि ठणक्यावरच्या गोळ्या. गोळ्या वाढत गेल्या. एकदा भर दुपारी तो ट्रकमध्ये झोपी गेलेला सापडला, आणि मागच्या सीटवर तान्हा गॅरेट रडून रडून निपचित पडला होता. नोरीनने काच फोडून लेकराला बाहेर काढले. त्या दिवसानंतर वेल्डनने गोळी घेतली नाही. ते व्यसन कसे सुटले, हे त्या दोघांनाच ठाऊक. गाव मात्र अजूनही म्हणे, "काय हात होता पोराचा! नशीबच फुटकं."

आता गॅरेट त्याच कॉलेजात, त्याच कोचच्या हाताखाली पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, झाला होता.

कोच आले आणि मोकळेपणाने खुर्ची ओढून बसले. "नोरीन, तुझ्या हातचं खाल्लं की अंतिम सामना जिंकलाच म्हणून समज! वेल्डन, आजचा मानाचा पहिला चेंडू तू टाकायचास."

"आणि सामन्यात कोण टाकणार?" नोरीनने विचारले.

"हे काय विचारणं झालं? तुझा वाघ!"

"कालच्या अख्ख्या सामन्यात त्यानेच चेंडू टाकलेत."

"कोपर जरासं धरलंय. डॉक्टर छोटीशी सुई देतील. अगं, पोरं अशीच कणखर होतात. तुझ्या नवऱ्याने कधी 'आई गं' म्हटलं नाही."

गॅरेट डाव्या हाताने खात होता. उजवा हात त्याने टेबलाखाली ठेवला होता. "मॉम, मी ठीक आहे. आज विद्यापीठांचे निवड करणारे येणार आहेत. तू मध्ये बोलू नकोस."

नोरीनने नवऱ्याकडे पाहिले. तो ताटातला पाव कुस्करत होता. बोल रे, काहीतरी बोल, असे तिला ओरडावेसे वाटले. तो एवढेच म्हणाला, "मी येतो मैदानावर."

दुपारी मैदान गच्च भरले होते. वेल्डनचे नाव पुकारले गेले तशी माणसे उठून उभी राहिली. तो चेंडू टाकायच्या मधल्या उंचवट्यावर गेला आणि त्याने डावा हात वर न्यायला सुरुवात केली. छातीपाशी हात अडकला. तो चेहरा वेडावाकडा करून जोर लावत राहिला. चेंडू बोटांतून निसटून पायाशी पडला. कोणीतरी हसले, मग तेही थांबले.

"हाच तो हात," वेल्डन मोठ्याने म्हणाला. "ह्याच्यावर तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. नशीब फुटलं नव्हतं माझं. सुई टोचून हा वापरून घेतला, आणि मीही गप्प बसलो. माझा मुलगा आज चेंडू टाकणार नाही. दुसरा कोणी उभा करा, मगच मी इथून हलेन."

"वेड लागलंय का तुला?" कोच धावत आले.

गॅरेट लालबुंद होऊन ओरडला, "डॅड, चालते व्हा! माझी लाज काढताय!"

नोरीन पायऱ्या उतरून सरळ मुलापाशी गेली. "गॅरेट, हात सरळ कर. सरळ झाला तर तुझ्या बापाला मी स्वतः घरी नेते."

गॅरेटने प्रयत्न केला. कोपर वाकलेलेच राहिले. त्याने पुन्हा जोर लावला, आणि सगळ्यांदेखत त्याचे डोळे भरून आले. हातमोजा जमिनीवर फेकून तो गाडीच्या दिशेने निघाला.

शहरातल्या डॉक्टरने सांगितले, कोपराचा अस्थिबंध अर्धा फाटला आहे. आज खेळला असता तर पुरता गेला असता.

"माझी संधी घालवलीत तुम्ही," गॅरेट परतताना बापाला म्हणाला.

"हो. हव्या तेवढ्या शिव्या दे. पण वाचलेला हात घेऊन देतोयस."

डनफील्ड हरले. गावातल्या खानावळीत टॅकेट शिरले की गप्पा थांबू लागल्या. कोठाराच्या दारावर कोणीतरी 'भित्रा' असे खरडले.

दोन-चार दिवसांनी इमेल्डा ओचोआ घरी आली. मांस कारखान्यात कामाला जाणारी ही बाई नोरीनला फक्त तोंडओळखीची होती. ती दारातच उभी राहिली.

"तुम्ही तुमच्या मुलाला वाचवलंत, चांगलं केलंत," ती म्हणाली. "त्याच्या जागी माझ्या रामिरोला उभं केलं. त्याचा खांदा आधीच दुखत होता. त्यालाही सुई दिली. आता त्याला हात उचलता येत नाही."

नोरीनने दार पूर्ण उघडले. मागून वेल्डनची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मीच म्हटलं होतं," तो सावकाश म्हणाला. "दुसरा कोणी उभा करा, असं मीच म्हटलं होतं."

कॉलेजच्या कारभाऱ्यांची बैठक त्याच आठवड्यात होती. नोरीन आणि इमेल्डा खेळाडूंच्या घरोघरी गेल्या. बहुतेकांनी दार लावून घेतले. दोन आया मात्र सोबत आल्या. बैठकीला कोच स्टेगॉलही होते, आणि ते कोणाकडे बघत नव्हते.

अध्यक्ष चष्मा काढत म्हणाले, "मिस्टर टॅकेट, तुमचा मुलगा तर आता संघात नाही. मग तक्रार कोणाची?"

"ज्याचं नाव तुम्ही पुढच्या हंगामात पुकाराल, त्याची," वेल्डन म्हणाला. "सुई टोचून एकही मुलगा मैदानात उतरणार नाही, असा नियम करा. तोवर आम्ही उठत नाही."

तो पहिल्या रांगेत बसला. त्याच्या शेजारी इमेल्डा बसली, मग नोरीन, मग त्या दोन आया. मागच्या रांगा गावकऱ्यांनी भरल्या होत्या. तिथून उठून पुढे त्यांच्या शेजारी येऊन बसायला काही पावलेच लागणार होती.