पुलाखालची हाक

इनायत अत्तारचं फोटोचं दुकान नाशकात भद्रकालीजवळ होतं, पण त्याचा जीव अडकलेला होता रेल्वेत. लग्नाची जोडपी, शाळामास्तर, मुंज झालेली पोरं यांचे फोटो तो पोटासाठी काढायचा. हौसेनं काढायचा ते इंजिनांचे. इगतपुरीपर्यंत गाड्या विजेवर चालायला लागून पाच-सहा वर्षं झाली होती. तिथून पुढं अजून वाफेचं इंजिन लागायचं, आणि तेही एक दिवस जाणार असं त्यानं पक्कं धरलं होतं. म्हणून पौषात धुई पडायला लागली की तो उजाडता उजाडता सायकलला कॅमेरा आणि तिवई बांधून ओढा गावाच्या बाजूला, गोदावरीवरच्या रेल्वेपुलाकडं निघायचा.

"धुक्यात इंजिनाचा धूर वेगळाच दिसतो," तो बायकोला सांगायचा. "त्यात खाली पाण्यावर नाव असली तर बघायलाच नको."

"अजी, मफलर घ्या," एवढंच सलिमा म्हणायची.

पुलापासून हाकेच्या अंतरावर केरूबाबाची नाव लागायची. केरूबाबा पासष्टीचा भोई. सकाळी भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बाया, बाजारकरी, कधी एखादी शेळी, असं सगळं तो या काठावरून त्या काठावर सोडायचा. घरात विधवा लेक चंद्रभागा, दुसरं कुणी नाही. इनायतशी त्याचं चांगलं जमलं होतं. नाव नेमकी कुठं आणून उभी करायची हे त्याला न सांगता कळायला लागलं होतं.

छत्तीस सालच्या पौषातली ती सकाळ. धुई इतकी दाट की पुलाचे दगडी खांब मधूनच दिसायचे आणि पुसले जायचे. केरूबाबा रिकामी नाव घेऊन पलीकडच्या उतारूंना आणायला निघाला होता. इनायतनं काठावरून ओरडून सांगितलं, "केरूबाबा, तिथंच थांबा! मालगाडी येतेय."

म्हातारा थांबला. पुलाच्या दुसऱ्या खांबाजवळ खडक वर आलेला होता आणि त्याला लागूनच डोह. त्या खडकात बांबू रोवून त्यानं नाव धरून ठेवली. गाडीला उशीर होत होता. पाण्याला ओढ होती.

"झालं का?" केरूबाबानं विचारलं.

"नाही बाबा, गाडी येऊ द्या."

गाडी आली. पूल थरथरला, धूर धुक्यात मिसळला, आणि इनायतनं कॅमेऱ्याचा रबरी बल्ब दाबला. मनासारखं मिळालं होतं. पण गाडी लांबलचक होती, शेवटचा गार्डाचा डबा पुलावर असताना आणखी एक फोटो साधेल असं त्याला वाटलं. तो घाईघाईनं कॅमेऱ्यातली फोटोची काच बदलायला लागला.

"झालं का?"

"थांबा, अजून एक!"

डोक्यावर काळं फडकं घेऊन तो वाकला. डब्यांच्या खडखडाटातून तिसऱ्यांदा आवाज आला, थोडा पातळ, थोडा दमलेला. "झालं का?" या वेळी इनायत बोलला नाही. हात गुंतलेले होते. आणि मग धुक्याचा एक लोटच आला, काचेवर नुसतं पांढरं दिसायला लागलं.

धुई विरळ झाली तेव्हा नाव खांबाला आडवी लागून हलत होती. नावेत कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी खाली बंधाऱ्याजवळ केरूबाबा सापडला. पोलीस पाटलानं इनायतला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "धुक्यात काही दिसलं नाही." ते खरंच होतं. म्हातारा माणूस, थंडीनं आखडलेले पाय, गेला तोल, असं गावानं ठरवलं. चंद्रभागेनं बापाचं सगळं रीतीनं केलं आणि पंधराव्या दिवशी स्वतः बांबू हातात घेतला.

इनायतनं त्या पहिल्या फोटोची काच धुऊन तयार केली, पण तिचा फोटो छापला नाही. पुलाकडं जाणंही सोडलं.

पुढच्या हिवाळ्यात धुई पडली आणि पहिल्याच सकाळी, दुकानाची फळी काढताना, त्याला मागून स्पष्ट ऐकू आलं, "झालं का?" तो वळला. रस्त्यावर दूधवाला होता, तोही लांब. दुसऱ्या दिवशी नमाजाआधी वजू करताना ऐकू आलं. मग जेव्हा जेव्हा धुई पडली तेव्हा तेव्हा. आवाजात राग नव्हता. थंडीत उभा असलेला माणूस विचारतो तसं, अदबीनं, वाट बघत. तेच त्याला सोसेना. राग असता तर त्याला निदान घाबरता आलं असतं.

तो धुक्याच्या दिवशी खिडक्या लावून बसायला लागला. गिऱ्हाईक आलं की, "आज उजेड नाही," म्हणून परत पाठवायचा. सलिमानं आठ दिवस बघितलं आणि नवव्या दिवशी चहाचा कप त्याच्यापुढं ठेवून समोरच बसली.

"आता सांगा," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. आधी अडखळत, मग एका दमात. शेवटी सलिमा म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? बाप तिचा गेलाय. तिच्याकडं जा."

"ती काय म्हणेल?"

"म्हणेल ते ऐकून घ्या."

त्याच रात्री त्यानं ती काच काढून फोटो छापला आणि सकाळी धुक्यातच सायकल काढली.

चंद्रभागा नावेतलं पाणी उपसत होती. बापासारखीच उंच, हाडापेरानं मजबूत. त्याला बघून ती सरळ उभी राहिली. "फोटोवाले भाऊ? लय दिसानं आले."

"ताई, बाबांचा फोटो आणलाय. आणि थोडं बोलायचंय."

तिनं पदराला हात पुसून फोटो घेतला. वर काळं इंजिन, धूर, पुलाच्या कमानी. खाली पाण्यावर एक रेघ आणि रेघेवर तांदळाच्या दाण्याएवढी आकृती. "ह्यो बाबा?" ती कितीतरी वेळ बघत राहिली. "त्वांडबी दिसत नाय." मग म्हणाली, "बसा नावंत. पलीकडं मानसं खोळंबलीत. जाता जाता बोला."

इनायत पाण्याला भ्यायचा. तरी बसला. काठ चार हातांवर गेला आणि दिसेनासा झाला. आता फक्त बांबूचा पाण्यात बुडण्याचा आवाज आणि पुढं कुठंतरी खांबांना घासून जाणारं पाणी. पुलाखाली आल्यावर त्यानं सगळं सांगून टाकलं. थांबवलं मी. तीनदा विचारलं त्यांनी. तिसऱ्यांदा मी उत्तरही दिलं नाही.

चंद्रभागेचा बांबू थांबला. नाव हळूहळू फिरायला लागली.

"पवता येतं का तुमाला?" तिनं विचारलं.

"नाही."

ती त्याच्याकडं बघत उभी राहिली. दुसऱ्या खांबाचा ओला काळा दगड हाताला लागेल इतका जवळ आला होता. इनायतनं नावेची कड दोन्ही हातांनी धरली आणि मनातल्या मनात कलमा म्हणायला लागला.

तेवढ्यात आवाज आला. पाण्यावरून, अगदी शेजारून.

"झालं का?"

इनायतनं वळून बघितलं. पण त्याला खरा धक्का बसला तो चंद्रभागेकडं बघून. ती दचकली नव्हती. तिनं नुसते डोळे मिटून घेतले होते.

"तुम्हाला ऐकू येतं?" त्यानं विचारलं.

"साल झालं." ती नावेतच खाली बसली. "त्या सकाळी माजं आन् बाबाचं भांडान झालं व्हतं. मी मुद्दाम चूल उशिरा पेटवली. त्यो दारात हुबा राहून इचारायचा, भाकरी झाली का? झालं का गं? मी बोललेच नाय. त्यो तसाच उपाशी आला नावंवर. पायात जोर कुटून राहील?" तिनं बांबू मांडीवर आडवा घेतला. "मला वाटलं, मलाच इचारतोय."

नाव खांबाला हलकेच टेकली. वरून पॅसेंजर आली आणि सगळा पूल घुमायला लागला, ठिणग्या धुक्यात पडून विझल्या. ती खडखड पार लांब जाईपर्यंत कुणीच हललं नाही. मग आवाज पुन्हा आला, तसाच, वाट बघत.

इनायत नावेची कड सोडून उभा राहिला. "झालं, केरूबाबा," तो मोठ्यानं म्हणाला. "फोटो झाला. चूक माझी. तुम्ही आता जा, थंडीत उभे राहू नका."

चंद्रभागा उठली नाही. पाण्याकडं तोंड करून, अगदी हळू, ती म्हणाली, "झालं बाबा. ये जेवायला."

पाणी वाहत राहिलं. पलीकडून उतारू हाका मारायला लागले तेव्हा तिनं बांबू घेतला.

त्यानंतर चार वेळा दाट धुई पडली. इनायतला काही ऐकू आलं नाही. पाचव्या सकाळी त्याला राहवेना. छातीवरचा दगड उतरल्यासारखा तो सायकल दामटत नदीवर गेला, हे तिला सांगायला.

चंद्रभागा काठावर बसली होती. नाव बांधलेली. चार-पाच बाया पाट्या उतरवून कुरकुरत उभ्या होत्या.

"ताई, आवाज थांबला," तो धापा टाकत म्हणाला.

"म्हाईत हाय."

"मग बरं झालं ना?"

तिनं मान वर केली. तिचे डोळे रडून लाल झाले होते. "तुमाला बरं झालं असंल, भाऊ. मला वर्सभर रोज भ्या वाटायचं, पन बाप हाय असं तरी वाटायचं. आता धुई पडली तर कान लावून बसते. कायबी येत नाय."

सायकल बाभळीला टेकवून इनायतही खाली बसला, थोडं अंतर ठेवून. बायांपैकी एकीनं विचारलं, "चंद्रे, सोडतीस का नाय?" पण तिचा चेहरा बघून ती बाईही पाटीजवळ खाली बसली.

आठची मालगाडी गेली. धुई वर उचलली, आधी खांब दिसले, मग पलीकडचा काठ, तिथं बसलेली माणसं. ऊन नावेवर आलं तेव्हा चंद्रभागा उठली, दावं सोडलं आणि बायांना म्हणाली, "चला, बसा."