शेऱ्याच्या रकान्यात

राजेश्वरी मॅडमनी ओळीवर बोट ठेवलं आणि रजिस्टर बन्सीकडे वळवलं.

जून १९७७. नाव: बन्सी. जन्मतारखेपुढे 'अंदाजे'. त्याच्या पुढे 'वडील' असा शब्द लिहून खोडलेला आणि त्याच शाईने, त्याच हाताने लिहिलेलं, 'सांभाळणारे – नामदेव सखाराम दिवटे'. शेऱ्याच्या रकान्यात जागा पुरली नव्हती म्हणून अक्षर बारीक होत गेलं होतं: 'मुलगा दुष्काळी कामावरील बाईचा. बाई राजूरकडील. आई शोधत आल्यास दिवटे यांस कळवावे.'

बन्सीने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. अक्षरं तीच राहिली.

"दुसऱ्या कुणाचं असेल हे," तो म्हणाला.

"काका, त्या वर्षी बन्सी नावाचा एकच मुलगा आहे." शाळेच्या त्या तरुण मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी माठातलं पाणी आणून त्याच्यापुढे ठेवलं. "तुम्हाला माहीत नव्हतं का?"

तो चोपन्न वर्षांचा होता. पुणतांब्याच्या शिवारात त्याचा पाच एकर ऊस आणि पेरूची बाग होती. दोन महिने तो घराण्याच्या नोंदी शोधत फिरला होता. सृष्टी, त्याची मुलगी, बारावी झाली होती. तिला शेतकीच्या पदवीला जायचं होतं आणि त्यासाठी कुणबी दाखला हवा होता. तहसिलीतल्या जुन्या कोतवाल बुकात मोडी वाचणाऱ्या माणसाने बन्सीच्या आजोबांचं नाव काढून दिलं: सखाराम येसू दिवटे, कुणबी. दुसऱ्या एका कागदात आडनावाचाही उगम सापडला. गावदेवीच्या पालखीपुढे दिवटी धरायचा मान या घराकडे होता, म्हणून दिवटे. बन्सीने ही गोष्ट चहाच्या टपरीवर, सोसायटीत, भेटेल त्याला सांगितली होती. आता फक्त त्याला त्याच्या वडिलांशी जोडणारा शाळेचा एक कागद राहिला होता. तोच घ्यायला तो आला होता.

रजिस्टरच्या पानाचा त्याने मोबाईलवर फोटो काढला. घरी न जाता मोटारसायकल तशीच कोपरगावकडे वळवली. आई-वडील जाऊन वीस वर्षं होत आली होती. विचारण्याजोगं एकच माणूस उरलं होतं, त्याची थोरली बहीण कडूबाई.

कडूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. त्याला पाहून उठू लागली. "आरं, फोन न्हाई, काय न्हाई. जेवलास का?"

त्याने मोबाईल तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं. त्याने वाचून दाखवलं. 'दुष्काळी कामावरील बाईचा' इथपर्यंत ती ऐकत होती. 'आई शोधत आल्यास' म्हटल्यावर तिच्या मांडीवरचं सूप खाली घसरलं आणि शेंगा ओटाभर झाल्या.

"आप्पांनी असं लिवून घेतलं हुतं?" ती म्हणाली. "शाळंत?"

"म्हणजे खरं आहे."

ती ओट्यावरच्या शेंगा सुपात भरू लागली.

"अक्का, मी कोणाचा?"

"आमचाच हायेस." मग बराच वेळ ती शेंगाच वेचत राहिली. बन्सी उभाच होता. शेवटी तिने हातातल्या शेंगा टाकून दिल्या.

"पाझर तलावाचं काम चालू हुतं. मी चौदा वर्षाची. आई, आप्पा, मी, तिघंबी जायचो. तुझ्या आधी आईची दोन पोरं गेल्ती. तिथं शेजारी एक बाई यायची. डोंगराकडची, राजूरकडची म्हणायची. तू तिच्या कडंवर. दीड वर्षाचा असशील. तिला घरून सांगावा आला, नवरा लई आजारी हाय. तुला गोवर निघाल्याला. एवढ्या लांब उन्हातान्हात कसं न्यायचं? आई म्हन्ली, ठिव माझ्यापाशी. ती म्हन्ली, आठ दिसांत येते."

"आणि आली नाही?"

कडूबाईने पदर तोंडावर घेतला. बन्सीला वाटलं ती रडते आहे. पण ती रडत नव्हती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, एवढंच.

"आली," ती म्हणाली.

बन्सी खाली बसला.

"दीड-दोन वर्षांनी आली. काम कवाच बंद पडल्यालं, तळावर कोनीच न्हाई. तिला फकस्त आडनाव ठावं. गावोगाव विचारत आली, दिवटे कुठं ऱ्हातात, दिवटे कुठं ऱ्हातात. आप्पा बाजाराला गेल्ते. आईनं तिला लांबून वळखली. मला म्हन्ली, बन्सीला घिऊन आतल्या खोलीत जा, तोंडातून आवाज काढू दिऊ नको. मी कणगीमागं बसले, तुझं तोंड दाबून."

"आणि आईने काय सांगितलं?"

"गोवरात गेलं म्हन्ली. चौथ्या दिशी गेलं. तलावाच्या अंगालाच पुरलं."

बन्सीने मोबाईल उलटा करून ओट्यावर ठेवला.

"ती वरडली न्हाई, रडली न्हाई. उंबऱ्यावर पानी मागून प्याली. जाताना दारातनं वळून एवढंच म्हन्ली, लहानू म्हनून हाक मारायचे मी त्याला. तुमी त्याला कोनत्या नावानं पुरलं?"

त्याच्या तोंडावर दाबलेला तो हात आता म्हातारा होऊन शेंगांच्या टरफलांत पडला होता. बन्सी त्या हाताकडे बघत राहिला. आईचा चेहरा डोळ्यापुढे आणायचा प्रयत्न त्याने केला. त्याला वाढवणारी आई, झुंबरबाई, म्हणजे गावात दुसऱ्याच्या पोरांनाही घास भरवणारी बाई. तापात रात्र-रात्र त्याच्या उशाशी बसणारी.

"आप्पांना माहीत होतं?"

"कधीच न्हाई. आईनं माझ्याकडनं शपथ घेतली हुती. आप्पा मरंस्तोवर म्हनायचे, त्या बाईचं काय झालं आसंल गं." तिचा आवाज आता फुटला. "ते वाट बघत हुते रं. शाळंत लिवून ठिवलं. आन् ती यिऊन गेल्ती."

त्या दिवशी तो जेवला नाही. घरी आल्यावर बायकोला, मालनला, त्याने सगळं एका दमात सांगितलं. सृष्टी दारात उभी राहून ऐकत होती.

मालनचा पहिला प्रश्न आला, "कोणाला सांगितलं तर नाही ना?" आणि लगेच तिलाच त्याची लाज वाटली. ती त्याच्याजवळ येऊन बसली. "सांभाळलं ना त्यांनी? नाव दिलं, जमीन दिली. मग त्यांचेच तुम्ही. त्या कागदाचं काय घेऊन बसलात? दुसरा कागद मिळेल. हायस्कूलच्या दाखल्यावर वडील म्हणून नाव आहेच की."

ते खरं होतं. हायस्कूलच्या दाखल्यावर शेरा नव्हता. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र टाईप होऊन तयार होतं. येसू, सखाराम, नामदेव, बन्सी, सृष्टी, एकाखाली एक. खाली वाक्य होतं की वरील सर्व व्यक्ती रक्ताच्या नात्यातील असून ही माहिती खरी आहे. दुसऱ्या दिवशी बन्सी राहात्याला गेला आणि पेन हातात घेऊन वकिलाच्या टेबलाशी बसला. त्याने सही केली नाही. वकील म्हणाले, "अहो, असं कोण बघतं?" तो म्हणाला, "मी बघितलंय." आणि उठला.

सृष्टी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने खुल्या वर्गातून फॉर्म भरला आणि येऊन सांगितलं, "आपल्या इथलं कॉलेज नाही मिळणार, लांबचं मिळेल. पप्पा, तुम्ही राजूरला कधी जाणार आहात?"

तो बाजाराच्या दिवशी गेला. कडूबाई स्वतःहून निघाली होती, म्हणून दोघं एसटीने गेले. बाजारात आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरची माणसं भात, नाचणी, करवंदं घेऊन बसली होती. बन्सी म्हाताऱ्या बायका बघून विचारत गेला. दुष्काळाच्या साली खाली कामाला गेलेली, पोरगं ठेवून आलेली, लहानू नावाचं. कुणी मान हलवली, कुणी त्याला सरकारी माणूस समजून उठून गेली.

करवंदांच्या टोपलीमागे छबूबाई नावाची ऐंशीच्या पुढची म्हातारी बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"एक नव्हती रं बाबा," ती म्हणाली. "त्या साली खाली गेलेल्या, आन् पोरं न घेता परत आलेल्या, आमच्याच अंगाला तीन-चार बाया हुत्या. कोनाचं मेलं, कोनाचं हरावलं, कोनी दिलं. लहानू तर घरोघरी. तुझी कोनती, कसं सांगू?"

बन्सीला वाटत होतं, आता याहून मोठा धक्का बसायचा नाही. पण तसा धक्का बसलाच. त्याला एकच आई दिसत होती, उंबऱ्यावर पाणी पिणारी. त्या सगळ्या जणी एकदम त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

छबूबाईने त्याला खाली वाकायला लावलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला, कपाळ बघितलं, कान बघितले. "न्हाई सांगता येत," ती म्हणाली. तेवढ्यात कडूबाई भर बाजारात तिच्यापुढे मातीत बसली आणि तिचे पाय धरले.

"मी दाबलं हुतं त्याचं तोंड," ती म्हणाली. "मीच."

छबूबाईला काही कळलं नाही. पण तिने पाय मागे घेतले नाहीत. बाजार आजूबाजूला चालू होता. छबूबाई म्हणाली, "उठ बाई. पोर हुतीस तू." मग बन्सीकडे वळली. "मी वाड्यांवर सांगावा धाडीन. काय सांगू? कोन आलंय म्हनून सांगू?"

बन्सीने कडूबाईकडे पाहिलं. कडूबाईनेच डोळे पुसत सांगितलं, "लहानू आलाय म्हना. पुनतांब्याच्या दिवट्यांकडं हाय."

त्याने चहाच्या पुड्याच्या कागदावर मोबाईल नंबर लिहून दिला. परत येताना कडूबाई एसटीत झोपली. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं, त्याने ते हलवलं नाही. राग होता, अजूनही आहे. कोपरगावला तिला दारापर्यंत सोडून तो आत न जाता परतला.

त्याला आता चार महिने झाले. सृष्टी हॉस्टेलवर आहे. नोंदींच्या कागदांची पिशवी कपाटावर आहे. मधल्या काळात दोन फोन आले. पहिला एका माणसाचा होता, त्याचा हरवलेला भाऊ वयाने जुळत नव्हता. दुसरा एका बाईचा, राजूरच्या पलीकडच्या वाडीवरून. आपली आई आठ वर्षांपूर्वी वारली, असं तिने सांगितलं. ती जाईपर्यंत कुठल्याशा तलावाचं नाव घ्यायची आणि घरात कुणाला गोवर निघाला की दाराबाहेर जाऊन बसायची. बाईने बन्सीला आणखी काही विचारलं नाही. भात काढून झाला की बघायला येते, एवढंच म्हणाली.

मालनने ओसरीवरची खोली सारवून ठेवली आहे. ती बाई येईल त्या दिवशी कडूबाईलाही ये म्हणून बन्सीने कळवलं आहे.