नमुन्याची नावं

धुळ्याच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत नुकताच संगणक आला होता. प्रोग्राम लिहिणाऱ्या रुपचंदने उद्याच्या चाचणीचा कागद जुन्या कारकून सुंदरबाईंपुढे ठेवला. कारकुनांनी मृत्यूच्या पाच नोंदी टाकायच्या आणि कोणाचा हात कुठे अडतो, ते त्याने घड्याळ लावून प्रत्येक नावापुढच्या वेळेच्या रकान्यात टिपायचं. कागदावरची पाच नावं मनाने रचताना त्याला काहीच वाटलं नव्हतं.

सुंदरबाई मात्र चिडल्या. "भाऊ, या नावाची माणसं कुठेतरी जिवंत असतील. त्यांना मारायला इथं कोणाचा हात धजायचा नाही."

"मग कोणाची नावं घालू, अक्का?"

त्यांनी पहिलं नाव खोडून आपल्या गेलेल्या मुलाचं लिहिलं. "रजिस्टरात याची नोंद मीच केली होती. उद्याही मीच करेन."

रुपचंदने त्या ओळीपुढचा वेळेचा रकाना खोडला.