वेशीतला मुक्काम

व्यंकटनं वेशीतल्या मारुतीच्या देवळापुढंच फटफटी बंद केली आणि मागं वळून न बघता म्हणाला, "उतर."

शिवकन्या जागची हलली नाही. पाठीवरची सॅक तिच्या डोक्याच्या वर गेलेली. येरमाळ्याच्या स्टँडपासून इथवर वाऱ्यानं ती सॅक तिला मागं ओढत होती, आणि आता कुठं घराचे पत्रे दिसायला लागले होते.

"नाना, घर पुढं हाय. दोन वर्षं न्हवते म्हणून इसरले न्हाय मी."

"आज घर न्हाय. आजचा मुक्काम मारुतीत."

"का? काय पाप केलं मी?"

"पाप कशाला? पुण्य केलंस, म्हणून तर." व्यंकटनं सॅक उतरवून देवळाच्या ओट्यावर टेकवली. "काशी केलीस, मुक्तिनाथ केलंस. आणखी काय काय केलंस ते तुझ्या आईला तोंडपाठ हाय. यात्रेकरू माणूस असाच उठून घरात शिरत न्हाय. उद्या तुझं मावंदं. हलगी लावून वाजत न्यायचं, दारात गंगेची पूजा, मग उंबरा, मग गावजेवण. मंडप टाकलाय, आचारी सांगितलाय. रातच्याला शेजारची नागम्मा येईल सोबतीला झोपायला."

"मला कुणी इचारलं?"

"यात्रेकरूला काय इचारायचं?" व्यंकटनं गाडीला किक मारली. तो तिच्या अण्णांचा, वडिलांचा, धाकटा भाऊ, पण गेल्या वीस वर्षांत घरातली म्हैससुद्धा त्याला विचारल्याशिवाय विकली गेली नव्हती.

शिवकन्यानं चप्पल काढून ओट्यावर आपटली. मारुतीनं काही मनावर घेतलं नाही.

पुण्यातली कॉल सेंटरची नोकरी सोडून ती निघाली तेव्हा तेविसावं लागलेलं. पहिला मुक्काम काशीतली धर्मशाळा, कारण तिथं खाट जवळजवळ फुकट होती. तिथून नेपाळ, मग थायलंड, लाओस, व्हिएतनाम, मग पार तुर्कस्तान आणि जॉर्जिया. रात्रीच्या बसनं जायचं, म्हणजे खोलीचं भाडं वाचतं. सकाळी कुणाच्या तरी हॉस्टेलात चादरी बदलायच्या, भांडी घासायची, त्यात खाट आणि दोन वेळचं जेवण सुटतं. विमानतळावरच्या कुठल्या बाकड्याला मधले दांडे नसतात, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. एवढ्या ठिकाणी बाहेर झोपली, पण स्वतःच्या घरापासून हाकेवर, बाहेर, हे पहिल्यांदाच होत होतं.

आणि आली होती फक्त आठ दिवसांसाठी. पुढच्या गुरुवारी हैदराबादहून विमान. जॉर्जियात द्राक्षाची तोडणी सुरू होणार होती, म्हाताऱ्या नवरा-बायकोचा मळा होता, त्यांनी माडीवरची खोली तिच्यासाठी ठेवली होती. फोनवर आईला हे सगळं सांगितलं होतं. आई "बरं" म्हणाली होती. कस्तुराबाईच्या "बरं"चा अर्थ तिला समोर बघूनच लागायचा. फोनवर कधीच लागला नाही.

दुपार कलल्यावर कस्तुराबाई आली. डोक्यावर पाटी, पाटीत भाकरी, शेंगाची चटणी, दोडक्याची भाजी. लेकीला तिनं पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं.

"वाळलीस."

"आई, हे काय लावलंय? मी कुठल्या तीर्थाला गेले होते गं?"

"काशीला न्हवतीस गेली?"

"गेले होते. स्वस्त पडतं म्हणून गेले होते."

"मग झालं तर." कस्तुराबाई ओट्यावर मांडी घालून बसली आणि भाकरी मोडायला लागली. "मुक्तिनाथाचा फोटो तूच धाडलास. मी तुझ्या काकीला दाखवला. काकीनं गावाला दाखवला. मग दर फोटोला मला कुणी तरी इचारायचंच, हे कुठलं तीर्थ? काय सांगू? पोरगी एकटी, बिनकामाची हिंडतीया म्हणून सांगू?"

"मग काय सांगितलंस?"

"ते सोन्याचं देऊळ न्हवतं का, टोकदार? तिकडचा महादेव म्हणून सांगितलं. ती गरम पाण्याची तळी? कुंडं. सीताकुंडासारखी."

"जॉर्जियातल्या तिबिलिसीचा हमामखाना होता तो, अंघोळीचा!"

"आता मला काय ठाव? बायका न्हाऊन पाया पडल्या त्या फोटोच्या."

शिवकन्याला हसू आलं आणि ते आल्याचाच राग आला. तिनं चटणीचा घास उगाच मोठा घेतला, डोळ्यात पाणी येईपर्यंत.

"बरं, उद्या अजून एक हाय," कस्तुराबाई भाकरीकडं बघत म्हणाली. "आपल्या इकडच्या वाशीची माणसं येणारेत. पोराचं नाव रणधीर. खताचं दुकान हाय. त्याच्या आईला तीर्थं केलेली पोरगी पायजे."

घास तोंडातच राहिला.

"नानांनी ठरवलं?"

"मावंदं झालं की यात्रा संपली. मग पोरीला घरात ठेवायचं तर कशाला ठेवायचं, असं म्हणत व्हते. आठ दिवसात तारीख धरायची म्हणत्यात."

"आणि अण्णा?"

"तुझे अण्णा त्यांच्यापुढं कवा बोललेत?"

"आणि तू?"

कस्तुराबाईनं पाटीतलं फडकं घेतलं, घडी घातली, मोडली, परत घातली. मग भलतंच विचारलं.

"तिथं काय काम करतीस?"

"सांगितलं की. चादरी, भांडी."

"म्हंजी तिथं बी भांडीच."

"सकाळी. दुपारनंतर मोकळी."

"मोकळी म्हंजी? काय करतीस?"

"चालते."

"कुठं?"

"कुठं न्हाय. नुसती. गाव बघत. पाय दुखले की बसते. कुणी बोललं तर बोलते."

"नुसतीच?" कस्तुराबाईनं फडक्याची घडी मांडीवर दाबून धरली. "आणि कुणी हाक न्हाय मारत?"

"मला तिथं कोण ओळखतंय?"

समोरून शेळ्या गेल्या. त्यांची धूळ खाली बसेपर्यंत कस्तुराबाई त्या रस्त्याकडं बघत होती. गावातून बाहेर जाणारा तोच एक रस्ता. त्या रस्त्यानं ती आजवर तुळजापूरला गेली होती, सोलापूरच्या दवाखान्यात गेली होती, आणि दोन्ही वेळा स्वयंपाक करून ठेवून गेली होती.

"द्राक्षं तोडायला येवढं लांब," उठताना ती म्हणाली. "नाना म्हणत व्हते, आपल्याकडं काय द्राक्षं कमी हायेत का."

"तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणू? मी पोळ्या लाटत व्हते."

सकाळी शिवकन्यानं देवळामागच्या हापशावर अंघोळ केली आणि तेव्हाच मनाशी ठरवलं. बोलायचं. सगळ्यांच्या देखत, मंडपात, मोठ्यानं. तीर्थ न्हाय, व्रत न्हाय, नुसती हिंडले, आणि गुरुवारी परत चालले. आईची शोभा होईल तर होईल. कुणी मागितली होती खोटी पुण्याई?

हलगी आली. बायका आल्या, कळश्या घेऊन. कुणी तिच्या पायावर पाणी घातलं, कुणी कुंकू लावलं, एका म्हातारीनं तर चक्क पायाला हात लावला. शिवकन्या दचकून मागं सरकली तशी म्हातारी म्हणाली, "सरकू नको बाय. आमच्या नशिबात न्हाय जायाचं, तुझ्या पायाची तरी धूळ घिऊ दे." मनाशी जुळवलेल्या वाक्यांतलं पहिलं वाक्य तिथंच गळून पडलं.

घरापुढं मंडप. पाटावर अण्णा आणि आई जोडीनं बसलेले. अण्णांच्या, बब्रुवानच्या, डोक्यावर नवी टोपी, नजर जमिनीला. चौरंगावर झाळून तोंड बंद केलेला, गंगेच्या पाण्याचा तांब्याचा गडू. तो नागम्माच्या घरचा, तिच्या सासूनं कधीकाळी काशीहून आणलेला. वाशीची माणसं पहिल्या सतरंजीवर. रणधीर मोबाईलमध्ये, त्याची आई शिवकन्यामध्ये.

तुळजापूरहून आलेल्या दत्तोपंत गुरुजींनी पळी हातात घेतली आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, "काशी झाली. रामेश्वर झालं?"

"सगळं झालंय," व्यंकट मागून म्हणाला. "तुम्ही चालू करा, गुरुजी."

"यजमान, पाटावरच्या जोडीनं सांगायचं असतं. काशीची गंगा रामेश्वराला घालायची, सेतूची वाळू परत काशीला न्यायची, मग यात्रा पुरी. मग मावंदं. झालंय ना?"

ही तिची जागा होती. शिवकन्यानं श्वास घेतला. तोंड उघडलं.

"रामेश्वर ऱ्हायलंय," कस्तुराबाई म्हणाली.

हलगीवाला हलगी तापवत होता, तोसुद्धा थांबला.

"वाळू बी ऱ्हायली. पोरीची यात्रा अर्धी हाय, गुरुजी."

शिवकन्या तशीच तोंड उघडं ठेवून आईकडं बघत राहिली. दोन वर्षांत आईनं गावाला सांगितलेलं हे पहिलं खरं होतं.

"वयनी!" व्यंकटचा आवाज फाटला. "मग हे आधी का न्हाय सांगितलं?"

"आधी कुणी इचारलं न्हाय, भाऊजी."

गुरुजींनी पळी खाली ठेवली. "मग आज मावंदं होत नाही. स्वयंपाक झालाय तो वाढा, अन्नाला दोष नाही. पण यात्रेकरूला अर्ध्या वाटेवरून घरात घेता येणार नाही. उंबरा ओलांडला की संकल्प मोडला."

"अहो पण माणसं आलीत वाशीहून!"

"जेवून जातील."

रणधीरच्या आईनं पदर सावरला. "पुरी व्हऊ द्या की यात्रा. अर्धं पुण्य कुणाला पायजे? किती दिवस लागत्याल?"

"ते आता देवाच्या हातात," कस्तुराबाई म्हणाली आणि पाटावरून उठली. तिच्यामागं बब्रुवानही उठला.

पंगती बसल्या. बुंदी संपली, वाशीची गाडी धूळ उडवत गेली, व्यंकट आचाऱ्यावर विनाकारण ओरडला. शिवकन्या मंडपाच्या खांबाला टेकून बसून होती. दार उघडं होतं. आत दिवाणाचा कोपरा दिसत होता, खिळ्याला टांगलेली अण्णांची छत्री, फ्रिजवरचं विणलेलं फडकं. फ्रिज नवा होता. तो तिनं बघितलाच नव्हता. कुठल्या रंगाचा आहे तेही इथून नीट कळत नव्हतं, अर्धा दाराआड गेला होता.

ती उठून उंबऱ्यापाशी गेली. आतून कस्तुराबाई आली आणि चौकटीला हात लावून उभी राहिली. दार अडवल्यासारखी नाही. नुसती उभी.

"आई, जरा वेळ येऊ दे आत. कुणी बघत न्हाय."

"नको."

"मला माझी खोली बघायचीय फक्त."

"आलीस की झालं मावंदं." कस्तुराबाईचा आवाज खाली गेला. "मग तुला परत बाहेर काढायला मला जमायचं न्हाय. आज जमलं ते कसं जमलं, माझं मला ठाव."

शिवकन्याला पुन्हा राग आला. कुणाचा ते कळेना. उंबरा वीतभर उंच होता. याच्यापेक्षा उंच काय काय ती ओलांडून आली होती.

गल्लीतून दोन बायका भांडी घेऊन चालल्या होत्या. कस्तुराबाईनं त्यांना ऐकू जाईल असा आवाज चढवला. "जा, सावकाश जा! घाई करू नको. रामेश्वर काय पळून चाललंय व्हय?"

बायका मान हलवून पुढं गेल्या. कस्तुराबाईनं लेकीच्या गालावरून हात फिरवला. हात उंबऱ्याच्या बाहेर आला, पाय आतच राहिले.

त्याच दुपारी येरमाळ्याला सोडायला अण्णा आले. दोन्ही बाजूला सोयाबीन गच्च उभं होतं, शेंगा भरत आलेल्या. स्टँडवर त्यांनी सॅक उतरवली, तिच्या पट्ट्याला चिकटलेलं गवत काढलं, आणि सोलापूरच्या गाडीची पाटी दोनदा वाचून खात्री केली.

"रामेश्वरला जाऊन यायला किती दिवस लागत्यात?" त्यांनी विचारलं.

"पाच-सहा."

"आणि मग वाळू घिऊन काशी?"

"तितकेच अजून. थोडे जास्तच."

बब्रुवाननं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"म्हंजी दसऱ्याच्या आत घरात येतीस," ते म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं बघितलं. ते मनापासून म्हणत होते. आईनं त्यांनाही काही सांगितलं नव्हतं.

गाडीनं हॉर्न दिला. ती चढली, खिडकीची जागा मिळाली, सॅक मांडीवर घेतली. अण्णा खाली उभेच होते, हात वर न करता. गाडी हलली तशी तिनं मोबाईल काढला. एकीकडं गुरुवारचं विमान उघडून ठेवलेलं होतं. दुसरीकडं तिनं रामेश्वरच्या रेल्वे शोधल्या. दोन्ही बघत बसली.

"कुठं?" कंडक्टरनं विचारलं.

रेल्वे सोलापुरातून होती. हैदराबादची बसही सोलापुरातूनच.

"सोलापूर," ती म्हणाली आणि बायकांचं अर्धं तिकीट हातात घेतलं.