पाचाचं ताट

कामरगावात फूलचंदशेटचं कापडाचं दुकान कुठं, असं दुपारी विचारलं तर कोणीही दाखवायचं. संध्याकाळी पाचनंतर मात्र दुकान विचारण्यात अर्थ नव्हता, शाळेचं मैदान विचारावं लागायचं. शेट तिथं सापडायचे. धोतर उतरवून खाकी अर्धी चड्डी चढवलेले आणि नेटापलीकडच्या पोरांना दम देत असलेले. व्हॉलीबॉलचं हे वेड माणसाला विशीत लागतं आणि तिशीत सुटतं. यांना सुटलंच नाही! शेहेचाळिशीचा बाप्या, उजवा गुडघा कुरकुरतो, खांदा धड कूस बदलू देत नाही, घरात लग्नाला आलेली पोरगी, अकोल्याला कॉलेजात पोरगा, आणि शेट आपले उड्या मारून राह्यले. लोक बोलायचे, शेट ऐकायचे आणि पुन्हा मैदानावर जायचे.

सगळ्यांत जास्त बोलायची ती पानाबाई, त्यांची बायको. तिचं भांडण खेळाशी कमी आणि वेळेशी जास्त होतं. घर जैनाचं. दिवस बुडाला की तोंडात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर. म्हणून पानाबाई पाचला ताट वाढायची. तिची सासू पाचलाच वाढायची, सासूची सासूही पाचलाच. आणि नेमकी पाचलाच तिकडं मैदानावर शिट्टी वाजायची. भरल्या पोटी उडी मारावी तर सगळं वर येतं, आणि खेळून यावं तर दिवस गेलेला. उन्हाळ्यात दिवस मोठा, कसंतरी निभायचं. हिवाळ्यात पंचाईत.

"चारले वाढत जा ना," असं फूलचंद लग्न झाल्यापासून म्हणत आले होते.

"चारले? चूल काय तुमच्या शिट्टीवर पेटते?" असं ती लग्न झाल्यापासून ऐकवत आली होती.

ती हट्टी आणि हे दुप्पट हट्टी. हिवाळ्यातल्या कितीतरी दिवशी शेट सकाळच्या जेवणावरच झोपले आणि त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की तिसऱ्या प्रहरी कामरगावची वाशीमवाल्यांशी मॅच व्हायची. चौऱ्याहत्तर साली मॅचच्या दहाएक दिवस आधी जगदेव दुकानात आला. जगदेव म्हणजे टीमचा कप्तान, रानातला गडी, शेटचा जुना जोडीदार. गादीवर बसला आणि उगाच खणाचे तागे चाचपत राहिला.

"शेटजी, बुरं नका मानू. यंदा तुमची जागा तुमच्याच पोराले, कैलासले देऊन राह्यलो. त्याची नेटवरची उडी पाह्यली ना?"

"पाह्यली. मीच शिकवली."

"मंग?"

"मंग काय? आमी दोघंही खेळू."

"अन् गुडघा?"

"गुडघा माहा हाय. त्याचं मी पाह्यतो."

जगदेव गेला आणि फूलचंद कापड मोजायचा गज हातात धरून नुसतेच बसून राहिले. पोराचा अभिमान वाटत होता आणि त्याच पोराचा हेवाही वाटत होता. स्वतःच्या लेकाचा हेवा! त्यांना स्वतःचीच शरम आली. पण मैदानाच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवायच्या, हे काही त्यांच्या गळी उतरेना. एकदा, निदान एकदा तरी लेकाच्या बाजूला उभं राहून खेळायचंच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

कैलास कॉलेजातून आला तोच फणकारत. "बाबूजी, तुमी उडता तवा जमीन सुटत नाई. माह्ये दोन मित्र मॅच पाह्यले येऊन राह्यले. हासतीन ना ते."

"हासू दे. दात हायेत त्याइले."

पानाबाईनं संधी साधली. "ऐका जरा, पोरगं सांगून राह्यलं. कारंज्याचे पाव्हणे तारामतीले पाह्यले आले, तं पोरीचा बाप लंगडत लंगडत सामोरा जाईन काय? हे पाहा, ही मॅच शेवटची. तिथं हसू झालं, का ती चड्डी मी चुलीत घालतो." पानाबाई रागावली की गड्यासारखी 'घालतो, करतो' बोलायची. ती तसं बोलली की घरात सगळे गप्प.

फूलचंद गुडघ्याच्या मागं लागले. जगदेवनं मध आणि चुन्याचा लेप सांगितला होता, पण जैनाच्या घरात मध कुठला? त्यांनी गूळ आणि चुना कालवला, गुडघ्यावर थापला आणि वर जुन्या लुगड्याची पट्टी आवळली.

युक्ती सुचली ती तारामतीला. पोरगी मॅट्रिकला, बोलायला कमी आणि डोळ्यांनी तेज. "बाबूजी, गुडघा उडीनं दुखते ना? मंग उडूच नका. तुमी बॉल उचलून द्या, दादा हाणीन."

उचलून द्यायचा! फूलचंदनी जन्मभर दुसऱ्यानं उचलून दिलेला बॉल हाणला होता. हाणणाऱ्याच्या नावानं गाव ओरडतं. उचलून देणाऱ्याचं नाव कोण घेतो? ते तिच्यावर खेकसलेच. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मात्र बॉल घेऊन मागच्या अंगणात आले आणि म्हणाले, "टाक."

तारामती पायरीवरून बॉल टाकायची आणि हे दोन्ही हातांच्या बोटांवर घेऊन वर सोडायचे. बॉल तुळशीवर जायचा, पापडाच्या खाटेवर जायचा, पानाबाईच्या शिव्या यायच्या. खांदा ठणकायचा. "अजून टाक," म्हणायचे. सव्वीस तारीख जवळ आली तसा बॉल मोरीच्या खुंटीसमोर, हव्या त्या उंचीवर जायला लागला. जगदेव एकदा येऊन पाहून गेला. "हाव, जमते," एवढंच म्हणाला, आणि शेटना टीममध्ये घेतलं.

मॅच तीनची. पोट हलकं असावं म्हणून शेट सकाळी दहाला जेवले तेवढेच. मॅच पाचपर्यंत उरकेल, मग घरी जाऊन दिवसाउजेडी जेवू, असा हिशेब. आणि वाशीमवाल्यांची एस.टी. वाटेत पंचर झाली! तीन वाजले, चार वाजले, बस नाही. आता घरी जाऊन दोन घास खाऊन यावं तर पानाबाईचं ताट पाचला. चारला जाऊन तिच्यापुढं हात पसरायचा म्हणजे हार कबूल करायची. शेट उपाशीच बसून राहिले. बस आली तेव्हा पाच वाजायला आले होते. मैदानावरून त्यांना आपल्या घराच्या धुराड्यातून निघणारा धूर दिसत होता. शिट्टी वाजली आणि त्यांनी तिकडं पाठ केली.

पहिला डाव कामरगावनं घेतला, दुसरा वाशीमवाल्यांनी. तिसऱ्यात घामानं डोळे चुरचुरायला लागले. जिभेला कोरड पडली. बाकीचे बादलीतलं पाणी घटाघटा पीत होते, पण यांना घरचं गाळलेलंच पाणी चालायचं. सूर्य बाभळींच्या शेंड्याला टेकला होता. कैलास बाजूला उभा होता. सबंध दिवसात बापाशी तो धड बोलला नव्हता, मित्र आले होते ना. पण बापानं दिलेला एकही बॉल त्यानं वाया घालवला नव्हता.

तेवढ्यात गर्दीतून तारामती धावत आली, हातात झाकलेला तांब्या. "बाईनं धाडला!" ती ओरडली. आईला पोरं बाईच म्हणायची.

खेळ चालू होता. मैदान सोडता येईना. फूलचंदनी एकदा तांब्याकडं पाहिलं आणि एकदा सूर्याकडं. कैलासनंही पाहिलं. तो एकदम जगदेवकडं वळला. "कप्तान, टाइम मागा! आत्ताच्या आत्ता!"

जगदेवनं टाइम मागितला. कैलासनं तांब्या आणून बापाच्या हातात दिला. "बाबूजी, लवकर. दिवस चालला."

"तू?"

"तुमी प्या हो!"

फूलचंदनी तांब्या रिकामा केला. खाली ठेवला तेव्हा बाभळींमागं फक्त लाली उरली होती.

शेवटचा गुण. वाशीमवाल्यांचा बॉल नेटावर असा अलगद तरंगत आला की कोणालाही मोह व्हावा. अगदी शेटच्या डोक्यावर. सारं गाव उठून ओरडलं, "शेटजी, हाणा!" आता हाणला, तर सगळ्या गावाच्या तोंडी पुढचं वर्षभर त्यांचंच नाव. फूलचंदचा दुखरा पाय आपसूक वाकला. मग त्यांनी तो तसाच रोवला, हात वर केले आणि बॉल बोटांवर झेलून मागं सोडला, मोरीच्या खुंटीच्या उंचीला. न पाहता सोडला. मागं कैलास असणार, हे त्यांना ठाऊक होतं.

धाडकन आवाज झाला आणि वाशीमवाल्यांच्या बाजूची धूळ उडाली. गाव मैदानात घुसलं. कैलासला खांद्यावर घेतलं, त्याच्या नावानं ओरडले. फूलचंद नेटाच्या खुंटाला टेकून गुडघा धरून हसत उभे होते. जरा वेळानं मित्रांनी बादलीतला पेला भरून कैलाससमोर धरला. बिचाऱ्याचे ओठ सुकले होते. त्यानं आभाळाकडं बघून मान हलवली. "नाई रे. दिवस बुडाला."

हॉस्टेलात पोरगं बाटलं असेल म्हणून पानाबाई दोन वर्षं झुरत होती.

ताट पाचलाच वाढलेलं होतं, दोन्ही ताटं, तशीच झाकून ठेवलेली. दोघांनीही ती न उघडताच बाजूला सारली. पानाबाईनं चुन्याची डबी काढली. गूळ-चुना कालवला आणि नवऱ्याच्या सुजलेल्या गुडघ्यावर स्वतःच्या हातानं थापला.

सकाळी कोवळं ऊन ओट्यावर आलं. बापलेक तिथं आधीच येऊन बसले होते, उन्हाची वाट पाहत. पानाबाईनं दोघांपुढं पाण्याचे तांबे ठेवले. कैलास एका दमात प्यायला आणि म्हणाला, "बाई, मी आज अकोल्याले चाललो. चड्डी चुलीत घालू नको. तिकडं असा बॉल देणारा कोणी नाई."

"तुले कोणी इचारलं?" ती म्हणाली. मग नवऱ्याकडं न बघता, पदराला हात पुसत पुसत बोलली, "उपाशी पोटी खेळायचं वय राह्यलं नाई तुमचं. आजपासून ताट चारले वाढीन. वेळेवर या म्हंजे झालं."